मी बंद केलेला नळ

हिमाचलला जाऊन आल्यापासून भोईवाड्यात जो भेटतो तो बर्फाचे फोटो मागतो. माझ्या मोबाइलमध्ये बर्फाचे चार फोटो आहेत आणि पाण्याच्या पाइपाचे सतरा. पाइपाचे का, हे दर वेळी लिफ्टपाशी उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढा, असं सुनंदा म्हणाली. सुनंदा म्हणजे माझी बायको. लिहायचंच तर सगळं खरं लिहा, असंही तिने बजावलं आहे. प्रवासाला मी एकटा गेलो असतो तर हा लेख वेगळा झाला असता.

जायचं कारण असं. आमची मुलगी स्वप्नाली लोअर परळच्या एका ऑफिसात होती. शेजारच्या टेबलावर रोहित नावाचा मुलगा बसायचा, तो सिमल्याच्याही वर, रोहडूच्या बाजूचा. पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. लग्न दादरच्या हॉलमध्ये झालं. मग रोहितच्या वडिलांचे गुडघे गेले, सफरचंदांची बाग बघायला कुणी उरलं नाही, म्हणून हे दोघं गावी राहायला गेले. स्वप्नाली तिथूनच कॉम्प्युटरवर कंपनीचं काम करते. दोन वर्षं झाली, पण आमचं काही जाणं झालं नव्हतं. या वर्षी रोहितच्या बहिणीची, मीनूची सगाई, म्हणजे आपला साखरपुडा, संक्रांतीनंतर ठरली आणि व्याह्यांचं आग्रहाचं बोलावणं आलं.

इथे माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. पाण्याच्या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजतो. आमची जुनी चाळ होती तेव्हा मजल्यावर दोन नळ आणि सकाळी सव्वा तास पाणी. पाण्याचं सगळं खातं चाळ कमिटीने माझ्याकडे दिलं होतं. कोणाचं पिंप भरून वाहतंय, कोणी नळाला रबरी पाइप लावलाय, कोणाच्या मोरीतला नळ गळतोय, हे मला आवाजावरून कळायचं. आता चाळीच्या जागी टॉवर झाला, पाणी दिवसभर येतं, तरी सवय गेली नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, जिथे नळ टिपकताना दिसेल तिथे मी तो बंद करतो. एका देवळातल्या पाय धुवायच्या नळाला वॉशर मी स्वखुशीने बसवून दिला आहे. त्या देवळात माझी भक्ती तेवढीच.

गाडी आणि सुकट

प्रवासाचं फार सांगत नाही. चंडीगडपर्यंत विमान, पुढे रोहितची गाडी आणि नऊ तास वळणं. वळणांबद्दल सुनंदाला विचारू नये.

सुनंदाने लेकीसाठी वरळी कोळीवाड्यातून सुकट आणि सोडे आणले होते. तीन पिशव्यांत बांधून, वर वर्तमानपत्र, त्यावर पुन्हा पिशवी. थंडीमुळे गाडीच्या काचा बंद आणि आत हीटर चालू. पहिल्या तासात सुकटीने सगळी वेष्टणं भेदली. रोहित जावई म्हणून गप्प होता. पाचव्या तासाला मात्र तो फार अदबीने म्हणाला, "मम्मी, हे सामान वर कॅरियरवर बांधू का? तिथे थंड राहील." तो मराठी चांगलं बोलतो. सासरवाडीला उपयोगी पडेल म्हणून शिकला होता, आणि पडलं.

संध्याकाळी पोचलो. दगड-लाकडाचं दुमजली घर, वर पत्रा, मागे उतारावर सफरचंदांची झाडं. एकाही झाडाला पान नव्हतं. बर्फ फक्त समोरच्या डोंगरावर होतं, अंगणात नव्हतं. सुनंदाला जरा फसवल्यासारखं वाटलं. पण दार उघडायला गाडीतून हात बाहेर काढला, तेव्हा थंडीला बर्फाची गरज नसते हे तिलाही कळलं.

माझे व्याही ज्ञानचंदजी उंच, कमी बोलणारे, डोक्यावर कायम हिमाचली टोपी. विहीणबाई बिमलाजी त्यांच्या वाट्याचंही बोलतात. "तंदूर के पास बैठिए," त्या म्हणाल्या. आमच्याकडे तंदूर म्हटलं की रोटी आठवते, म्हणून मी स्वयंपाकघराकडे वळलो. तिथे तंदूर म्हणजे खोलीच्या मध्यावर ठेवलेली लोखंडी शेगडी. तिच्यात लाकडं घालतात, धूर नळकांड्यातून छपराबाहेर जातो आणि अख्खं घर तिच्याभोवती बसतं. हिवाळ्यात माणसं तिथून उठतात ती फक्त कामाला आणि झोपायला.

माझ्या हिंदीने पहिल्याच संध्याकाळी करमणूक केली. बिमलाजींनी विचारलं, "खाना लगा दूँ?" मी म्हटलं, "चलेंगा." त्या शालीत तोंड लपवून हसल्या. पुढचे पाच दिवस त्या घरात सगळेच 'चलेंगा' म्हणत होते.

सुतळीएवढी धार

आम्हाला दिलेली खोली घराच्या उत्तरेच्या टोकाला होती. तिला लागून न्हाणीघर. आत पाऊल टाकलं आणि माझ्या कानाने नेहमीचं काम केलं. नळ वाहत होता. टिपकत नव्हता, चांगली सुतळीएवढी धार. मी तो घट्ट बंद केला आणि बॅगेतून वॉशर काढले. प्रवासात मी चार वॉशर जवळ ठेवतो.

मी पाना मागितला तसा रोहित धावत आला. त्याने नळ परत सुरू केला आणि म्हणाला, "पप्पा, हा मुद्दाम ठेवलाय. थंडीत बंद नाही करायचा."

दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर ज्ञानचंदजींनी मला सगळी लाइन फिरून दाखवली. गावाच्या वर टाकी आहे. तिथून पाइप जमिनीखालून येतो, कमरेएवढा खोल पुरलेला, त्यामुळे तिथे भीती नाही. भीती घराच्या भिंतीपाशी. तिथे पाइप वर निघतो आणि दोन-अडीच मीटर उघड्यावरून आत जातो. त्या भागाला त्यांनी गवत गुंडाळलं होतं, त्यावर पोती, त्यावर जुनी रजई आणि सगळ्यांवर प्लास्टिक. रजई भिजली की तिचा उपयोग संपतो, म्हणून प्लास्टिक. आमच्याकडे एवढं पांघरूण फक्त तापाच्या पेशंटला घालतात. माळ्यावरची टाकी त्यांनी दिवाळीनंतरच रिकामी करून ठेवली होती. आणि इतकं करूनही शेवटच्या नळाला धार सोडलेली, म्हणजे पाइपातलं पाणी रात्रभर हलतं राहील.

"उभं पाणी गोठतं," ते हिंदीत म्हणाले. "गोठलं की फुगतं. फुगायला जागा नसली की पाइप फाडतं. पाण्याला एक तर चालू द्या, नाहीतर घरात ठेवूच नका." घर बंद करून गावाला जायचं असेल तर खालचा मुख्य वॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडे टाकायचे, पाइप कोरडा करायचा. मधला मार्ग नाही.

हे मी नीट ऐकलं. दोन प्रश्नही विचारले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी आता म्हणू शकत नाही.

त्या दुपारी बिमलाजींनी सिड्डू केले होते. गव्हाचं आंबवलेलं पीठ, आत अक्रोड आणि खसखशीचं सारण, वाफेवर उकडलेले. आपल्या मोदकाचे थोराड चुलतभाऊ. त्यावर तूप वाढत नाहीत, ओततात. सुनंदाने एक संपवला आणि डाव्या हाताने ताट झाकलं. बिमलाजींनी हात बाजूला करून दुसरा ठेवला. आग्रहाच्या बाबतीत कोकण आणि हिमाचल यांच्यात काही फरक नाही.

सगाईची आदली रात्र

धारेचा आवाज मला दोन रात्री झोपू देत नव्हता. सुनंदा म्हणाली, समुद्राचा समजा. पण समुद्राचं पाणी कोणी भरत नाही.

तिसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, ऊन छान पडलं होतं. मी अंगणात स्वेटर काढून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी अकराला मुलाकडची पंचवीस-तीस माणसं यायची होती. सगळ्यांचं एकच चाललं होतं, इतक्या माणसांचा स्वयंपाक, भांडी, हात धुणं. आणि इकडे न्हाणीघरात धार चालू. मी मनात हिशेब मांडला. एका रात्रीत किती बादल्या गेल्या असतील. वरची टाकी अख्ख्या गावाची. उद्या ऐन जेवणाच्या वेळी पाणी गेलं तर. शिवाय आज ऊन पडलंय, आज काय गोठतंय.

तिथे आठ वाजताच सगळे रजईत शिरतात. दात घासून झाल्यावर मी नळाची चकली फिरवली. गळू नये म्हणून वर आणखी एक पीळ दिला. आवाज थांबला. आपण या घरावर छोटासा उपकार केला, अशा समाधानात मी झोपलो. आकाश निरभ्र असलं की रात्री थंडी जास्त पडते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं.

सकाळ

साडेसहाला स्वयंपाकघरातून बिमलाजींचा आवाज आला. नळाला पाणी नव्हतं. मग अंगणातल्या नळालाही नव्हतं. मग सगळे आमच्या न्हाणीघराच्या दाराशी जमले. ज्ञानचंदजी आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "बंद था."

बिमलाजी वळल्या त्या थेट स्वप्नालीकडे. "फिर से?"

मी दारात रजई पांघरून उभा होतो. स्वप्नालीने एकदा माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून तिने मला दुसऱ्यांचे नळ बंद करताना पाहिलं आहे. मग ती म्हणाली, "सॉरी मम्मीजी. रात को पानी लेने आई थी, आदत से बंद हो गया."

सुनंदानेही माझ्याकडे पाहिलं. मी पाइपाकडे बघायला बाहेर गेलो.

आता आपल्याला काही करता येईल का, या घाईत मी तंदूरवरची उकळत्या पाण्याची किटली घेऊन आलो. ज्ञानचंदजींनी माझा हात धरला. "खौलता पानी नहीं. फट जाएगा." त्यांनी रजई-पोती सोडली, पाइपाला फडकी गुंडाळली आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून त्यावर कोमट पाणी हळूहळू सोडलं. नळ आधीच उघडून ठेवला होता, म्हणजे वितळलेल्याला वाट मिळावी. दोन हात पाइप मोकळा झाला. मग ते भिंतीजवळच्या वळणाशी आले आणि थांबले. तिथे लोखंडाला उभी चीर गेली होती आणि चिरेतून बर्फाची पांढरी रेघ बाहेर आली होती. हे वितळवलं असतं तर फवारा उडाला असता. ते गुडघ्यावर हात ठेवत बागेत उतरले आणि खालचा वॉल्व्ह बंद करून आले. नवा तुकडा रोहडूच्या बाजारातून आणायचा. आज शक्य नव्हतं. आज पाहुणे येत होते.

बावडी

घराच्या खाली दहा मिनिटांवर बावडी होती. बावडी म्हणजे तिथे विहीर नव्हे. डोंगरातून झरा फुटतो, त्याखाली दगडी कुंड बांधलेलं असतं. रोहित, स्वप्नाली आणि मी प्लास्टिकचे कॅन घेऊन निघालो. रोहित दोन कॅन भरून पुढे गेला. मागे आम्ही बापलेक राहिलो. झऱ्याच्या पाण्यातून वाफ निघत होती. बाहेर सगळं कडक झालेलं आणि ते पाणी हाताला चक्क उबदार.

"पप्पा, तुम्ही काही बोलू नका हं," कॅन धरत स्वप्नाली म्हणाली.

"कशाबद्दल?"

"नळाबद्दल. आज मीनूचा दिवस आहे. तुम्ही पाहुणे. तुमचं नाव आलं तर सगळ्यांनाच अवघड होईल. माझं काय, माझी त्यांना सवय आहे."

"त्या 'फिर से' म्हणाल्या."

तिने कॅन भरून बाजूला ठेवला. "पहिल्या थंडीत मीच बंद केला होता," मग म्हणाली. "तुमचीच मुलगी. नळ वाहताना बघवेना. सहा दिवस पाणी नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ मी आणि मम्मीजी इथून पाणी न्यायचो. बोटं सुजून लाल झाली होती माझी. मम्मीजी मोहरीचं तेल गरम करून चोळायच्या आणि चोळता चोळता बोलायच्या."

"काय बोलायच्या?"

"सगळं."

"तू आम्हाला कळवलं नाहीस."

"फोटो पाठवला होता की तुम्हाला."

मला तो फोटो आठवला. लाल टोपी, मागे पांढरं शुभ्र बर्फ, आमची पोर हसते आहे. तो मी टॉवरच्या ग्रुपवर टाकला होता. वाण्याला दाखवला होता. बाजारात मासेवालीला दाखवला होता. मुलगी कुठे पडली बघा म्हणून. फोटो खांद्यापर्यंतच होता. खांद्याखाली दोन्ही हातांत पाण्याचे कॅन होते, हे मला दोन वर्षांनी त्या कुंडाशी उभं राहून समजलं.

"मम्मीला सांगू नका," ती म्हणाली आणि दोन कॅन उचलून चालायला लागली. चढ होता. तिची चाल तिथल्या बायकांसारखी झाली होती, थोडी पुढे वाकून, न थांबता. मी एकच कॅन घेतला होता आणि तीनदा टेकवला.

सगाई

घरी आलो तर चित्र पालटलं होतं. आधी बिमलाजींनी शेजाऱ्यांच्या छपरामागे उरलेलं बर्फ पातेल्यात भरून तंदूरवर ठेवलं होतं. अख्खं पातेलं बर्फ, आणि वितळल्यावर तळाला दोन पेले पाणी. त्या डोक्याला हात लावून बसल्या होत्या. आणि मग सुनंदा उठली होती.

माझ्या बायकोने आयुष्याची तीस वर्षं सव्वा तासाच्या पाण्यावर आठ माणसांचा संसार केला आहे. त्या सकाळी तिच्या अंगात ते सगळं परत आलं. प्यायचं पाणी एका हंड्यात, वर झाकण, वेगळा ओगराळा. स्वयंपाकाचं दुसऱ्यात. धुतलेल्या तांदळाचं पाणी फेकायचं नाही, त्यात राजम्याची पातेली भिजतील. ताटं काढायचीच नाहीत, पानांच्या पत्रावळी आणा. भांडी आधी राखेने कोरडी घासायची, मग दोन बादल्यांत बुडवून काढायची, पहिली मळकी, दुसरी स्वच्छ. तिचं हिंदी माझ्याहून वाईट आहे. पण हातवारे करून ती बोलत होती आणि बिमलाजी "अच्छा? अच्छा," करत कामाला लागल्या होत्या. रोहित खेपा घालत होता. अकराच्या आत स्वयंपाक तयार झाला.

पाहुणे आले. मुलाचे वडील निवृत्त हेडमास्तर. दाराशी बादली आणि लोटा बघून ते गमतीने म्हणाले, "ज्ञानचंद, इतना बड़ा मकान और लोटे से हाथ?"

बिमलाजी हसत म्हणाल्या, "क्या करें मास्टरजी, बहू बंबई की है. रात को नल बंद कर दिया. दूसरी बार."

सगळे हसले. मनात काही नव्हतं कोणाच्या. स्वप्नाली सिड्डूचं ताट घेऊन उभी होती, तीही हसली. अगदी तशीच, फोटोतल्यासारखी.

तोवर मी ठरवलं होतं की तिचं ऐकायचं, गप्प राहायचं. ते सोपंही होतं. पण ते हसू मी दोन वर्षांपूर्वी सगळ्या भोईवाड्यात वाटत फिरलो होतो. मला बसवेना. मी उठलो.

"नल उसने नहीं, मैंने बंद किया," मी म्हटलं. "कल रात को. समधीजीने बोला था खुल्ला रखो. मैंने सुना था. फिर भी बंद किया. और सुबह से चुप बैठा, बेटी के ऊपर जाने दिया. वो और खराब किया. मेरेको माफ करो."

सुनंदाने पदर नीट केला. हेडमास्तरांनी, वर्गातल्या पोराला विचारावं तसं, मला विचारलं, "पर बंद किया क्यों?"

"टपक रहा था," मी म्हणालो.

हेडमास्तर जे हसत सुटले ते त्यांना आवरेना. त्यांच्यामागून सगळी खोली हसली, मीनू तर डोळे पुसत होती. बिमलाजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या तुपाचं भांडं खाली ठेवून आत गेल्या.

आतलं मला नंतर सुनंदाने सांगितलं. बिमलाजींनी स्वप्नालीला विचारलं, "तूने बताया क्यों नहीं?" स्वप्नाली म्हणाली, "आपने पूछा ही नहीं, मम्मीजी. आपने सीधा 'फिर से' बोला." यावर बिमलाजी बराच वेळ चूल सारखी करत राहिल्या. मग त्यांनी सुनेच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाल्या, "बैठ जा. सुबह से खड़ी है. आज मैं परोसती हूँ." आणि त्यांनीच वाढलं. माझ्या सिड्डूवर तूप जरा कमी पडलं असं मला वाटलं. सुनंदा म्हणते, तुम्हाला भास झाला.

पाहुणे गेल्यावर मी आणि ज्ञानचंदजी तंदूरपाशी बसलो. ते तळवे शेकत बसले. मग म्हणाले, "मला सकाळीच माहीत होतं."

"कसं?"

"नळ हाताने उघडेना. पाना लावावा लागला. बहूच्या हातात एवढा जोर नाही."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. ते लाकूड सरकवत म्हणाले, "बहूने कहा, 'मैंने किया'. मैं सबके सामने उसको झूठा कहता?"

म्हणजे लेकीने बापाला पाठीशी घातलं होतं, सासऱ्याने सुनेचा शब्द राखला होता, आणि या सगळ्या समजूतदारपणाच्या सावलीत मी सकाळभर उबेत बसलो होतो.

पाइप

दुसऱ्या दिवशी रोहितने बाजारातून पाइपाचा तुकडा आणला. ज्ञानचंदजींना खाली बसता येत नाही, म्हणून ते सफरचंदांच्या पेटीवर बसून सांगत होते आणि मी थंडगार जमिनीवर आडवा होऊन पाना फिरवत होतो. माझे चार वॉशर कशालाच लागले नाहीत. जोड बसल्यावर आम्ही दोघांनी मिळून पुन्हा गवत, पोती, रजई, प्लास्टिक चढवलं. सतरा फोटो तेव्हाचेच. ते मी का काढले ते तेव्हा मला माहीत नव्हतं. काहीतरी आपण बिघडवलेलं पुन्हा जागेवर आलं, एवढंच.

रोहितने वॉल्व्ह उघडला. न्हाणीघरातल्या नळातून आधी हवा फुसफुसली, मग तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. बिमलाजी स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाल्या, "आ गया." संध्याकाळी ज्ञानचंदजी मला म्हणाले, "आज आप छोड़िए." मी फार विचार करून धार ठेवली. त्यांनी बघितली आणि मान हलवली. मी आणखी थोडी वाढवली. पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांना पटलं. पेन्सिलीहून बारीक, पण तुटता कामा नये. माझ्या हाताला वाढवणं जड जात होतं, हे त्यांना दिसलं असणार.

सकाळी मी त्या पाण्याच्या मागे चालत गेलो. वाया जातं म्हणजे जातं तरी कुठे, हे बघायला. न्हाणीघरातून ते चरात पडतं, चरातून खालच्या शेजाऱ्याच्या दगडी कुंडीत. तिथे त्याच्या दोन गाई पाणी पीत होत्या. बाकी सगळीकडे कडकडीत बर्फ झालेलं असताना त्या कुंडीतलं पाणी मात्र हलतं होतं. मी त्या रात्री जे वाचवलं, ते या गाईंचं होतं. शेजारी मला बघून हात जोडून हसला. गावात माझी ओळख आता सगळ्यांना झाली होती.

निघताना बिमलाजींनी सुनंदाला मिठी मारली आणि उन्हाळ्यात या म्हणून सांगितलं. मला म्हणाल्या, "आप भी आइए. गर्मी में नल बंद कर सकते हैं." सुकटीची पिशवी त्यांनी पहिल्या दिवशी घराबाहेर खुंटीला टांगली होती. ती रिकामी झाली होती. रोहितने आणि त्यांनी मिळून संपवली, असं स्वप्नालीने सांगितलं.

परत

आता येऊन तीन आठवडे झाले. टॉवरमधले लोक विचारतात, मग रात्रभर नळ चालू ठेवतात म्हणजे केवढं पाणी फुकट. मी त्यांना उभं पाणी, फुगणं, चीर, सगळं समजावतो. ते माझ्याकडे जरा संशयाने बघतात. पंचवीस वर्षं मीच त्यांना उलटं सांगत आलो.

परवा दुपारी स्वप्नालीचा फोन आला. दोन वर्षं तिचे फोन 'सगळं छान आहे' एवढ्यावरच संपायचे. सुनंदाने घेतला. मी पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो. मम्मीजी नेमक्या तिच्या मीटिंगच्या वेळी मिक्सर लावतात. रोहितला चार दिवस सांगूनही सिलिंडर आणला नाही. टाचा फाटल्या आहेत, मोजे घातले तरी दुखतात. आणि रोज राजमा, रोज राजमा. सुनंदा वीस-पंचवीस मिनिटं ऐकत होती. मधे फक्त "मग?" आणि "मग तू काय म्हणालीस?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणते?"

"काय म्हणणार, नुसत्या तक्रारी. दोन वर्षांचं सगळं आजच काढलंन."

आणि ती चहा टाकायला उठली. आधण ठेवून ओट्यापाशी उभी राहिली आणि गुणगुणायला लागली.